चार दारांचं रबर

पहिलंच सांगून ठेवतो, ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्यानं मे महिन्यात दुपारी दोन वाजता बंद गाडीत दहा मिनिटं बसून पाहावं, मग माझ्याशी वाद घालावा.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. मागच्या वर्षीच्या मे महिन्यातला रविवार, भर दुपार, आणि नागपूरहून भिवापूरला जाणारा रस्ता.

दुर्गेश माझा लांबचा आतेभाऊ. सीताबर्डीत मोबाइलची कव्हरं विकतो. माणूस वाईट नाही, पण चिकट एवढा की उकळलेली चहापत्ती वाळवून पुन्हा उकळेल. वडील गेल्यावर त्यांची अडुसष्टची अँबेसेडर घरासमोर उभी होती. आणि त्याची माय, प्रयागबाई, एकच गोष्ट मागत होती.

"तुह्या बापाच्या गाडीत मले एकडाव माहेरी नेऊन आण गा. मंग मी मरायले मोकळी."

माहेर भिवापूरचं. दुर्गेशनं इंजिन सुरू करून घेतलं. पण दारांचं रबर उन्हानं भाजून पापडासारखं तुटत होतं. फटीत बोट जायचं. त्यातून धूळ नि गरम वारा. नवं रबर पुण्याहून मागवायचं तर अकरा हजार.

मग त्याला नत्थू सापडला. कामठी रोडकडचा म्हातारा कारागीर. जुनं रबर दळतो, त्यात थोडं नवं मिसळतो, साच्यात दाबून भाजतो. चारही दारांचं काम पंधराशेत. जुनं रबर मात्र गिऱ्हाइकानं आणायचं. दुर्गेशनं ते एका भंगारवाल्याकडून, दुसऱ्याच गाडीचं आणलं.

नत्थू प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो.

"हे ज्या गाडीचं हाय, तिच्यात कोनाचा जीव त नाही ना गेला?"

"काहून?"

"लोखंड भट्टीत गेलं का सुटते. रबर नाही सुटत गा. थे धरून ठेवते."

"नाही बा. गोदामात सडून राहिली होती गाडी," दुर्गेश म्हणाला.

खोटं बोलला.

भंगारवाल्यानं त्याला सगळं सांगितलं होतं. एका लग्नात पोरानं म्हाताऱ्या आईला गाडीत बसवून ठेवलं. "येतोच" म्हणाला नि मांडवात गेला. जेवला. नाचला. फोटो काढले. तीन तासांनी त्याला आई आठवली. दाराचं आतलं हँडल तुटलेलं होतं. दोनशे माणसं जिलब्या तोडत होती, आणि वीस पावलांवर ती म्हातारी...

हे ऐकूनही दुर्गेशनं त्याच गाडीचं रबर उचललं. फुकट मिळत होतं ना!

नवं रबर घट्ट बसलं. दार लावलं की बाहेरचा आवाज कापल्यासारखा बंद व्हायचा.

रविवारी मायलेक निघाले. माय पुढं, नवं लुगडं नेसून. चारही काचा खाली. उमरेडच्या अलीकडं दुर्गेशनं रसवंतीपाशी गाडी थांबवली.

"रस आणतो वं माय. बसून राय."

"बरफ नको टाकू म्हन. दात दुखते."

दोन ग्लास रस. चार मिनिटं. पैसे फोनवरून दिले, त्यामुळं वेळ नोंदलेली आहे. मी स्वतः पाहिली. एक वाजून अठ्ठावन्न.

तो ग्लास घेऊन वळला...

चारही काचा वर होत्या.

मागच्या काचांपर्यंत मायचा हात पोचणं शक्यच नव्हतं.

प्रयागबाई दोन्ही हातांनी काच बडवत होती. तोंड उघडं. मानेच्या शिरा ताणलेल्या. ओरडत होती.

आवाज नव्हता.

बांगड्या काचेवर आपटून फुटल्या. त्यांचाही नाही.

दुर्गेशनं दार ओढलं. हललं नाही. दुसरं, तिसरं, चौथं. रसवाला धावत आला, दोघांनी जोर लावला. दार जणू गाडीला शिवलेलं.

तेवढ्यात मागच्या काचेवर आतून वाफ धरली. त्या वाफेत हळूच एक पंजा उमटला...

माय तर पुढं होती.

दुर्गेशनं दगड घेतला. काच फुटली, तशी आतली हवा फुस्सकन त्याच्या तोंडावर आली. जळक्या रबराचा वास. मायला ओढून बाहेर काढलं. अंग चटके बसतील असं तापलेलं.

पाणी पाजलं. तिनं डोळे उघडले.

"तीन तास झाले गा... तू जेवून राहिला होता ना?"

भिवापूर राहिलं. घरी आल्यावर दुर्गेशनं रबर उपटलं. आतल्या बाजूनं नखांचे ओरखडे होते. चारही दारांना. दुर्गेशनं आदल्याच दिवशी मायची नखं कापली होती.

तो रबर घेऊन नत्थूकडं गेला. नत्थूनं हातही लावला नाही.

"खोटं बोलला न माह्यासंग?"

एवढंच म्हणाला नि पाठ फिरवली. दुर्गेशनं ते रबर स्मशानघाटावर नेऊन जाळलं.

पंधरा दिवसांनी दुपारी मायची खाट रिकामी दिसली. दुर्गेश बाहेर धावला. माय गाडीत, मागच्या सीटवर. फुटलेली काच बदललेली, गाडीला कुलूप, चावी दुर्गेशच्या खिशात. ती एका कडेला सरकून बसली होती आणि पदरानं हवा घालत होती.

स्वतःला नाही. बाजूच्या रिकाम्या जागेला.

त्यानं दार उघडलं.

"चल वं माय, घरात चल."

"थांब ना गा. एकटी हाय थे बिचारी. तिचं पोरगं येतो म्हणून गेलं."

आता गाडी विकायला काढली आहे. भाव भंगाराचा. तीन गिऱ्हाइकं आली. तिघंही गाडीपाशी गेली नि उलट्या पावली परतली. दुर्गेशनं कारण विचारलं, तर तिघांनीही एकच सांगितलं.

"आधी त्या दोघी म्हाताऱ्यांले त उतरवा ना, भाऊ."

प्रयागबाई त्या वेळी घरात भाकरी थापत होती.