घरजावई सारस

धुक्यात डोळ्यांचे काम संपते आणि कानांचे सुरू होते, हा पक्षीगणनेचा धडा चंद्रकलाबाई बिसेन देत होत्या, तेव्हा हेमेंद्र पटले तलावाच्या पाळीवर कुडकुडत उभा होता. गोंदियाजवळच्या, जमीनदारांनी बांधलेल्या या जुन्या मालगुजारी तलावाची प्रकृती पक्ष्यांवरून कशी ओळखायची, हे तो त्यांच्याकडून शिकत होता. एका जागी निश्चल उभे राहायचे, प्रत्येक आवाजाची दिशा आणि अंतर सांगायचे. एकच पक्षी दोनदा मोजायचा नाही.

“काहून रे बापू, ऐकून राहिलास का झोपून राहिलास?”

“टिटवी. डावीकडे, जवळच,” तो पुटपुटला. धुके क्षणभर विरळले. “आणि तो हळदीकुंकू. चोचीच्या टोकाला हळद, बुडाशी कुंकू.”

“वा! बदकाची ओळख पटकन होते तुझी. माणसांशी मात्र तोंड उघडत नाही!”

हेमेंद्र लाजला. एवढ्यात उथळ पाण्यातून सारसांचे गाणे उसळले. नराची एक लांब हाक, तिला मादीची दोन आखूड उत्तरे. दिसायला दोघे सारखेच. ओळखायचे ते या हाकांवरूनच. यांतली मादी खरी होती. नर यंत्र होता.

काही वर्षांपूर्वी तिचा जोडीदार विजेच्या तारेला लागून मेला आणि तिने खाणे टाकले. तेव्हा एका प्रयोगशाळेने हा यंत्रसारस घडवला: उन्हावर चालणारा, पंख पसरून नाचणारा, तिच्या प्रत्येक उत्तरातून शिकून आपली हाक सुधारणारा. ती पुन्हा खाऊ लागली. गावाने त्याला घरजावई म्हटले. जेवायलाही न मागणारा असा जावई पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

“बाई, तिसरा आवाज आहे,” हेमेंद्र म्हणाला. “पूर्वेला, धानाच्या बांध्यांकडून. नराची हाक.”

“पाळीवर आपटून परत आलेला जावयाचाच आवाज तो. दोनदा मोजलास.”

“कालही होता. आणि बाई...” त्याचा स्वर प्रथमच चढला. “प्रतिध्वनी हाकेच्या आधी कसा येईल?”

चंद्रकलाबाईंचे हसू थांबले. दोघांनी कान दिले. दुरून लांब हाक आली. लगेच घरजावयाने साद घातली, मादीने साथ दिली, आणि दूरची हाक मध्येच तुटली. जोडीचे गाणे ही इतर सारसांना ताकीद असते: ही जागा भरलेली आहे.

“म्हणजे आपणच त्याला हाकलून राहिलो,” बाई हळूच म्हणाल्या.

“आज जावयाला गप्प ठेवू या?”

“आणि तिनं पुन्हा खाणं टाकलं तर? कंद घेऊन चिखलात उभी राहायची मी, अन् ती मान वळवून पाहायचीही नाही. तू नाही पाहिलं ते.”

हेमेंद्रने विरत्या धुक्यात दिसू लागलेल्या मादीकडे बोट केले. “तिलाच विचारू या ना, बाई.”

बाईंनी खिशातल्या नियंत्रकाची कळ दाबली. घरजावयाची मान अर्ध्यात थांबली. मादी त्याच्याभोवती फिरली, तिने चोचीने त्याला हलकेच स्पर्श केला, दोन आखूड हाका दिल्या आणि त्याच्या हाकेपुरती जागा सोडली. ती जागा रिकामीच राहिली. बाईंचे बोट पुन्हा कळेकडे गेले.

तेव्हाच पूर्वेकडची लांब हाक नेमकी त्या जागेत येऊन पडली. या वेळी ती तुटली नाही.

“दे न वं उत्तर, माय!” बाई कुजबुजल्या.

दोन आखूड हाका. मग पाण्यावर धाव, पंखांची फडफड, आणि ती पूर्वेच्या उजेडात शिरली. बाई पदराने डोळे पुसत मोठ्याने हसल्या. “लिही पटले! सारस, नर एक, मादी एक. जावई धरू नकोस!”

यंत्र उचलायला दोघे पाण्यात उतरले. त्याच्या छातीतला बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता.

“बाई, कळेनं याचा आवाज आणि हालचालच बंद होते,” हेमेंद्र म्हणाला. “ऐकणं चालूच असतं.”

“मग?”

“तिच्या प्रत्येक उत्तरातून हा शिकत आला आहे. मघाचं, दुसऱ्याला दिलेलं उत्तरही यानं ऐकलं.” त्याने त्या थांबलेल्या मानेवर हात ठेवला. “आज हा काय शिकला असेल?”