घेणारे तेवीस, देणारा कोण?

नौकातळाची तपासनीस हेमांगी केळुसकरने तेविसाव्या नौकेच्या वीजतारेभोवती तेविसावं दिशाकंकण बसवलं, हातातल्या पडद्यावर त्याचा बाण पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"गावलो काय गो चोर?" धक्क्यावर चड्डी आणि पंचा अशा पूर्ण तयारीत बसलेल्या गुणाजी मयेकरांनी विचारलं.

"नाही काका."

गुणाजींचं वय चौऱ्याहत्तर. दर भाऊबीजेला ते खारवणे नौकातळावरून पोहत पलीकडच्या तीरावर बहीण शेवंताकडे जात. एकेचाळीस वर्षांत खंड नव्हता. बाकीचा काठ तिवरांनी भरलेला, त्यामुळे उतरायला जागा हीच एक. आज भाऊबीज होती आणि भरती सरायला आता अर्धा तास उरला होता. ओहोटी लागली की खाडी त्यांना बहिणीऐवजी थेट समुद्राच्या भेटीला नेणार होती.

त्यांना अडवलं होतं जलप्रहरीने. पाण्यात उभा केलेला हा खांब भटकी वीज हुंगून काढायचा. पाणी सुरक्षित असलं की हिरवा दिवा; वीज सापडली की लाल, आणि पाण्यात उतरायला बंदी. बंदी रास्तच होती. अशा पाण्यात हातपाय आखडतात आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. पण गेले तीन आठवडे दिवा लालच होता, म्हणून आज प्रहरीचे जनक प्राध्यापक शिधये कडक इस्त्रीच्या पँटमध्ये पुण्याहून जातीने आले होते.

"सर, सगळ्याच नौका वीज घेतायत," हेमांगी म्हणाली.

"म्हणजे?"

"तारेतून जेवढी वीज नौकेत जाते तेवढीच परत यायला हवी. कमी आली तर नौका पाण्यात वीज सांडतेय. जास्त आली तर दुसऱ्याच कुणीतरी सांडलेली वीज तिच्या वाटेने घरी परततेय. जुन्या मापकाला नुसती तफावत दिसायची. म्हणून गेल्या आठवड्यात मी काकांच्याच होडीला चोर ठरवलं."

"माफ केलंय तुका," गुणाजी म्हणाले.

"कंकण दिशाही दाखवतं. तेवीसच्या तेवीस घेणाऱ्या आहेत, सर."

"मग देणारा कोण? घेणारे आहेत म्हणजे देणारा असलाच पाहिजे."

धक्क्यावरून वीज घेणारं आणि पाण्यात उभं असलेलं चोविसावं काय, हे दोघांनाही एकदमच सुचलं असावं, कारण सर अचानक चष्मा पुसू लागले. हेमांगीने प्रहरीच्या तारेवर चोविसावं कंकण चढवलं. बाण पाण्याकडे वळला.

"लाल दिव्याची तार पाण्याखालून नेलीय," सर पुटपुटले. "पहिल्या दिवशी कुठलीतरी नौका गळली असेल. लाल दिवा लागला, तशी त्याची तार गळू लागली. नौका दुरुस्त झाली, पण आता प्रहरी आपलीच गळती पाहून दिवा विझवेना."

"थोडक्यात, तीन आठवडे तो स्वतःचीच तक्रार करतोय."

"त्या अर्थाने अचूक आहे," सर आशेने म्हणाले.

"मगे बंद करा तेका!"

"नाही हो करता येत. पाण्यात धोका असताना प्रहरी बंद करणं गुन्हा आहे." सरांचा आवाज खाली गेला. "तो नियम मीच लिहिलाय."

गुणाजी पलीकडच्या तीराकडे बघत राहिले. "शेवंता माज्याशिवाय जेवची नाय," ते एवढंच बोलले. हेमांगीला भडभडून आलं, आणि त्याहून जास्त राग आला. तिने नियमावली उघडली.

"सर, नौकेची व्याख्याही तुमचीच ना? 'पाण्यात असलेली आणि धक्क्यावरून वीज घेणारी कोणतीही वस्तू.'"

"हो. पळवाट राहू नये म्हणून जरा मोकळी ठेवली."

"आणि गळक्या नौकेची वीज तोडायचा अधिकार तपासनिसाचा."

सर काही बोलायच्या आत तिने खांबावर चिठ्ठी चिकटवली: 'नौका क्रमांक २४. नापास.' मग प्लग ओढला. लाल दिवा विझला. तिच्या पडद्यावर चोवीसही बाण शून्यावर येऊन थांबले.

"पण प्रहरीच बंद, तर पाणी सुरक्षित असल्याचं जाहीर कोण करणार?" सरांनी विचारलं.

गुणाजींनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "तुमी. उतरा बगूया."

सर उतरले. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, देवाचं नाव घेत, एकेक पायरी करत. पाणी पोटरीला लागलं मात्र, त्यांनी किंकाळी फोडली.

"काय झालं?" हेमांगी धावली.

"गार आहे हो!"

"हिरवो दिवो पेटलो!" गुणाजी सरांकडे बोट दाखवत ओरडले आणि त्यांनी सूर मारला.