‘येते’ म्हणू नये

आमच्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणायची सोय नाही. म्हटलं रे म्हटलं, की आईचा हात थेट माझ्या तोंडावर. “येते म्हण, भवाने!” म्हणून मी बापडी सगळ्यांनाच ‘येते’ म्हणते. त्यालाही म्हटलं, आणि तिथेच फसले.

तो भेटला आमच्या मळ्याच्या बांधावर, जुन्या विहिरीपाशी. भर दुपारचे बारा. रानगुलाबाच्या चाळीस खुंटांवर मी चांगल्या गुलाबाचे डोळे बांधून कलमं केली होती. ते जगले तर माझी नर्सरी, नाहीतर रान कांद्याला… दादांनी स्पष्ट सांगितलं होतं.

“खुंटाचे स्वतःचे फुटवे सगळेच ठेवलेस की! अशाने बांधलेला डोळा उपाशी मरेल,” मागून आवाज आला.

वळून पाहिलं. चिंचेच्या सावलीत एक मुलगा. केस ओले, गालावर खळी.

“तुम्ही कोण, कृषी अधिकारी?”

“शेखर. शेजारचा.”

“मग शेजाऱ्यांनी खुडू लागावं की!”

त्याने हात पुढे केला… आणि मागे घेतला. “माझ्या हाताने आता काही खुडलं जात नाही,” तो हसून म्हणाला. मला वाटलं, काय मेले नखरे!

त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, पण खालची माती कोरडीच होती. मी पाहिलं हं ते. पाहिलं आणि सोडून दिलं. खळी फारच छान होती ना!

“येते हं,” मी निघताना म्हटलं.

“खरंच?” त्याने असं विचारलं, की अंगावर काटा आला. मी आपली लाजले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला माझं रडगाणं ऐकवलं. “मला नाही म्हणताच येत नाही. मैत्रिणीची, दिशाची मेंदी, गरब्याची प्रॅक्टिस, रविवारचा ट्रेक… सगळंच आवडतं, त्याला मी काय करू? तोवर इकडे अर्धे डोळे वाळले.”

“मलाही सगळंच आवडायचं. अंगात ताप होता, मित्र म्हणाले पोहायला चल. चल म्हटलं.”

“मग?”

“मग काय… अजून केस वाळले नाहीत.”

मी खळखळून हसले, ‘येते’ म्हणाले आणि निघाले. अर्ध्या वाटेत हसू आपोआप थांबलं.

संध्याकाळी आमच्या मळ्यात कामाला येणारी गोजराबाई फुलं खुडायला आली. तिला सगळं सांगितलं. तिच्या हातातली पाटीच खाली आली.

“विहिरीवरच्याला ‘येते’ म्हणली? किती येळा?”

“दोनदा.”

“तिसऱ्यांदा म्हणलं का जावंच लागतं, बाई. मोतीरामचा शेखर त्यो. सात वर्सं झाली त्याला बुडून.”

शहाणी मुलगी घरी बसली असती. मी पावडर लावून गेले.

वारा अजिबात नव्हता, तरी विहिरीतलं पाणी हलत होतं. तो काठावर उभा होता. पायांत चप्पल नव्हती, आणि पाय जमिनीला टेकतही नव्हते. भीती वाटली. तरी प्रेम काही कमी होईना.

“मला सगळं कळलंय,” मी म्हटलं. “तरी यायचंय. एवढं मला आजवर कशाचंच वाटलेलं नाही. येऊ?”

‘ये’ त्याच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं.

“नाही.”

“मी आवडत नाही?”

“सात वर्षांत दुसरं काही आवडलंच नाही… म्हणून नाही.” त्याचा आवाज कापत होता. “जिवंतपणी जमलं नाही, ते आज करतोय, वेदे. तूही कर. ‘जाते’ म्हण.”

“अपशकुन असतो तो!”

“आपल्याला तोच शकुन. म्हण ना… लवकर.”

आई आठवली. वाळलेले डोळे आठवले, आणि जगलेले अठराही.

“जाते,” मी म्हटलं आणि पाठ फिरवली.

खुंटांपाशी येऊन बसले. दिशाला फोन करून मेंदीला जमणार नाही म्हणून सांगितलं, आणि नाक पुसत पुसत फुटवे खुडायला घेतले.

तेवढ्यात विहिरीकडून हाक आली. “वेदे…” एकदाच, अगदी हळू. बिचारा! त्यालाही पहिल्याच दिवशी कुठे पुरतं जमणार होतं.

मी ओ दिली नाही. देवाशप्पथ, द्यायची होती.