निळ्या कागदाची चिंधी

जून २००६. पांढरकवड्याच्या हायवेवर, ढाब्यामागे उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये म्हातारा ड्रायव्हर बाबाराव मेलेला सापडला. हात बांधलेले. तोंडात कापसाचा बोळा.

"सिनेमातल्यावाणी," ढाबेवाला पुटपुटला.

तो प्रसंग गावाला पाठ होता. सदाशिवराव म्हणजे हायवेवरचा जुना दादा. त्याच्यावरून एका सिनेमातला खलनायक बेतला होता. पडद्यावरचा तो खलनायक गद्दारांच्या तोंडात कापूस कोंबायचा.

फौजदार रुपाली रसायनशास्त्राची पदवीधर होती. तिनं बोळ्याचा एक पुंजका चिमट्यानं काढून ग्लासभर पाण्यात टाकला. तो बुडाला. उरलेल्या बोळ्यात निळ्या कागदाची चिंधी अडकली होती, तिरकी फाटलेली.

बाबारावची बायको तुळसाबाई रडत नव्हती.

"खरा माणूस धरजा, बाई. माहा पोरगा रवी बी ट्रकच चालोते. उद्या त्याची पाळी."

"कोणाशी वैर?"

"बावीस वर्सं सदाभाऊचा ट्रक चालोला यायनं. परवा टपरीवर त्याचा पोरगा इंद्रजित ड्रायव्हरायले बोळा दाखवून भेव घालून राह्यलता. बापाच्या नावावर. हे हासले. म्हणे, बोळा सिनेमावाल्याचा. तुहा बाप तं कापसाच्या गाठीची लोखंडी पट्टी गळ्याले आवळे. समदे हासले मंग."

रुपाली घरी पोचली तेव्हा सदाशिवराव खाटेवर होता. साखरेच्या आजारानं डावा पाय गुडघ्याखाली कापलेला. मुलगा इंद्रजित निळ्या कागदाच्या गुंडाळीतून कापूस तोडून जखम पुसत होता.

"बाबारावले म्या मारलं," म्हातारा आपणहून म्हणाला. "घाल बेड्या."

"एका पायावर?"

"माणूस धाडला."

"बोळा कशाचा होता?"

"कापसाचा. आपल्या वावरातल्या."

"जूनमध्ये?"

म्हाताऱ्यानं चादर कापलेल्या पायावर ओढली.

"वावरात अजून पेरणी नाही," रुपाली म्हणाली. "मागचा कापूस कधीच विकला गेला. शिवाय कच्च्या कापसावर मेण असतं, तो पाण्यावर तरंगतो. दवाखान्याच्या कापसातलं मेण काढलेलं असतं. हा बुडाला."

तिनं गुंडाळी उलगडली. कागदाची एक कड तिरकी फाटली होती. तिनं चिंधी तिथं लावली. दातरा दातऱ्यात बसला.

"म्हणजे बोळा या घरातला. पण सदाशिवराव, तुम्ही माणूस धाडला असता तर पट्टी देऊन धाडला असता. तुमचा जुना माणूसही पट्टीच उचलेल. बोळ्यावर विश्वास ठेवणारा इथं एकच आहे. बापाचा धंदा तो पडद्यावरून शिकला. वावरात कापूस नव्हता, म्हणून त्यानं तुमच्या जखमेचा उचलला."

इंद्रजितच्या बोटांना ओला कापूस चिकटला होता. तो झटकत राहिला.

"चार लोकायत हासला तो माह्यावर," तो म्हणाला. "मंग म्हनलं, आता हास. हासताच येत नोयतं त्याले."

शिपायानं त्याचे हात धरले. म्हाताऱ्यानं मुलाकडे पाहिलं. डोळ्यांत दुःख नव्हतं, शरम होती.

"गधड्या, मले इचारलं असतं तं! पट्टीनं झटक्यात होते. बोळ्यानं लय वेळ लागते."

दारात कधीपासून तुळसाबाई उभी होती, ते कोणी पाहिलं नव्हतं.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

रुपालीला उत्तर साधारण माहीत होतं. तिनं पंचनाम्याचा कागद दुमडला आणि इंद्रजितला पुढं ढकललं.