सहा ढिली सॉकेट

“सोमवारपासून सहा सॉकेट ढिली निघाली. हा घातपातच आहे!” मालकीणबाई म्हणाल्या.

कृत्रिम पायांचा तो कारखाना. मांडीवर चढणारं सॉकेट यंत्र कोरायचं आणि यंत्राला आकडे पुरवायचा तो पायथनमधला एक प्रोग्राम. तो लिहिणाऱ्या प्रोग्रामरबाईंनी शुक्रवारी राजीनामा दिला होता. संशय अर्थातच त्यांच्यावर.

तपासाला आलेल्या लेकीच्या मागे बाबा उभे होते. चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केलेला माणूस. लेकीच्या धंद्यातलं त्यांना फारसं कळत नसे, पण ते हौसेने सोबत येत.

“त्यांच्याकडून किल्ली घेतलीत?” लेकीने विचारलं.

“शुक्रवारीच. पण आधीच काहीतरी करून ठेवलं असेल.”

प्रोग्रामरबाई बोलावताच तडक आल्या. “वर्षभरात मी एक ओळही बदललेली नाही. तीच मापं माझ्या लॅपटॉपवर घाला, उत्तर बरोबर येतं.” प्रोग्राम ज्या तयार पॅकेजांच्या आधारावर चालतो, त्यांची छापील यादी त्यांनी पुढे केली. प्रत्येक नावापुढे आवृत्तीचा आकडा होता.

फोरमन वैतागलेला. “मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. शनिवारी दिवसभर मी मालकीणबाईंबरोबर इस्पितळात मापं घेत होतो.”

मालकीणबाईंचा भाचा मात्र हसतमुख. “शनिवारी मी इथे जाहिरातीचे फोटो सुधारत होतो. पण वेगळं एन्व्हायर्नमेंट करून हं! त्यांच्या प्रोग्रामला बोटही लावलं नाही.”

“म्हणजे काय गं?” बाबांनी हळूच विचारलं.

“प्रत्येक प्रोग्रामच्या पॅकेजांना स्वतंत्र खोली, बाबा. एकीतली उलथापालथ दुसरीला बाधत नाही.”

लेक कॉम्प्युटरपुढे बसली. बाबा खांद्यावरून पाहत होते. प्रोग्रामवर तारीख गेल्या वर्षीची. खोली एकच. मापांच्या पॅकेजपुढे यादीत आवृत्ती दोन, पडद्यावर तीन. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तीनच.

लेकीने सगळ्यांना बोलावलं.

“प्रोग्राम निर्दोष आहे. बदललं ते त्याच्या हाताखालचं पॅकेज. मांडी आणि सॉकेट यांच्यामधल्या अस्तराची जाडी प्रोग्राम मापात मिळवतो. नवी आवृत्ती तीच जाडी स्वतःही धरते. दोनदा मिळवली, सॉकेट ढिलं. ही आवृत्ती शनिवारी दुपारी आली. प्रोग्रामरबाईंकडे किल्ली नव्हती. मालकीणबाई, तुम्ही आणि फोरमन इस्पितळात.”

“मी फक्त फोटोंचं पॅकेज टाकलं!” भाचा उसळला.

“त्याला मापांच्या पॅकेजची नवी आवृत्ती लागत होती, त्याने ती ओढून आणली. इथवर चूक. पण वेगळं एन्व्हायर्नमेंट केल्याचं तुम्ही न विचारता सांगितलंत, आणि इथे तर एकच आहे. ते करायला हवं होतं हे ज्याला ठाऊक, त्याला पहिलं सॉकेट ढिलं निघताच सगळं उमगलं असणार. तरी तुम्ही दुसऱ्यावर आळ येऊ दिलात.”

भाच्याची मान खाली गेली. “त्यांच्या जागी आत्या मला नेमणार होती…”

प्रोग्रामरबाईंनी नवं एन्व्हायर्नमेंट उभं केलं, यादीतल्या आकड्यांबरहुकूम पॅकेजं टाकली. तासाभरात सातवं सॉकेट निघालं. बाहेर कुबड्यांवर ताटकळलेल्या पोस्टमनने ते चढवलं. दोन पावलं टाकली, मग दहा. मालकीणबाईंनी सर्वांसमोर प्रोग्रामरबाईंची माफी मागितली.

“काका, तुम्ही यांचे साहाय्यक का?” फोरमनने विचारलं.

“बाप आहे मी तिचा!” बाबा इतक्या मोठ्याने म्हणाले, की यंत्राच्या घरघरीतही ते सगळ्यांना ऐकू गेलं.