जाळीमागचं बोट

"ओव्हनची एवढी वाईट अवस्था झालीय?"

मी मागे वळून पाहिलं. टोलेडोतल्या त्या हार्डवेअरच्या दुकानात मी ओव्हन साफ करायच्या फवाऱ्याचा डबा घेऊन उभी होते. प्रश्न विचारणाऱ्याची लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढलेली होती, आणि डोळ्यांत हसू.

"ओव्हनसाठी नाही. प्लास्टिकच्या छोट्या मॉडेल गाडीच्या पुढच्या जाळीवरचा रंग काढायचाय."

"क्रोमची जाळी?"

"हो."

हसू एकदम मावळलं. "मग ठेवा तो डबा. आधी ठेवा."

"तुम्ही या दुकानातले?"

"नाही हो. असाच एक बंपर घालवून बसलोय मी. रंग जातो, पण त्याच्याबरोबर क्रोमही जातो! खाली उरतं ते नुसतं पांढरं प्लास्टिक."

मी डबा ठेवला. ऑक्टोबरात बाबा गेले, तेव्हा त्यांची लाल कूपे, दोन दारांची मॉडेल गाडी, अर्धवट राहिली होती. शेवटी शेवटी त्यांना नजरेनं साथ दिली नाही, आणि गाडीचा लाल रंग जाळीवरही लागला. गाडी जोडायचा तो संच आता कुठे मिळत नाही. जाळी ही एकच. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बाबांच्या मॉडेल-क्लबचं प्रदर्शन होतं, आणि खिडकीजवळची बाबांची जागा मला रिकामी ठेवायची नव्हती.

हे सगळं मी एका अनोळखी माणसाला का सांगितलं... कोण जाणे.

अँसेल त्याचं नाव; मी माझं सांगितलं, कोरा. शाळेत बँड शिकवायचा. दुसऱ्या दिवशी तो माझ्या स्वयंपाकघरात हजर—औषधाच्या दुकानातलं स्पिरिट आणि कापसाच्या काड्या घेऊन.

"रंग पाण्यात मिसळायचा होता?"

"हो. वासाचे रंग डॉक्टरांनी बंद केले होते."

"मग स्पिरिटनं निघेल. पण आधी चौकटीवर करून बघू." ज्या चौकटीतून भाग तोडून काढतात, तिलाही क्रोम असतो. तिच्या तुकड्यावर त्यानं काडी घासली. क्रोम तसाच राहिला.

"तुम्ही नेहमी एवढे सावध असता?"

"बंपर गेल्यापासून." मग हळूच, "माणसांच्या बाबतीत मात्र... अजिबात नाही."

कॉफी उगाचच गरम लागली.

जाळीच्या एका टोकाचा लाल रंग सुटू लागला, आणि मी त्याचं मनगट धरलं. "थांबा!"

मधोमध, रंगात, अंगठ्याचा ठसा होता. बारीक रेषा, एका बाजूला जुन्या जखमेची खूण. बाबांचा.

अँसेलनं काडी खाली ठेवली. मग चिमट्यानं जाळी उलटी केली. मागेही लाल डाग, त्यात दुसरा ठसा.

"चिमटीत धरली असणार," तो म्हणाला. "पुढे अंगठा, मागे बोट. मागची बाजू गाडीत झाकली जाते, कोरा."

मी काडी उचलली. "पुढच्या बाजूचं मीच पुसते."

अंगठा कापसावर उतरला. खाली क्रोम लखलखत होता, आणि त्यात माझा वाकडातिकडा चेहरा.

शनिवारी, बाबांना वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या परीक्षक बाईंनी जाळीवर टॉर्च मारला. "नवा क्रोम चढवलाय?"

"नाही. मूळचाच आहे."

त्यांनी आरशाची काडी गाडीखाली घातली. "मागे रंग राहिलाय. गुण कापावे लागतील."

"कापा. तो तसाच राहणार."

त्या पुन्हा वाकल्या. बराच वेळ आरशात पाहत राहिल्या. "वॉल्टरचं बोट," एवढंच म्हणाल्या.

गुण कापले. तरी पहिल्या क्रमांकाची निळी फीत बाबांच्या कूपेलाच मिळाली! सगळा हॉल उठून टाळ्या वाजवत होता, आणि शिट्टी मारणारा कोण, ते मला न बघताही कळलं.

अँसेलची गाडी शेजारीच मांडलेली होती. बंपरला चंदेरी रंग फासलेला, शेवटचा क्रमांक.

"पुढच्या वर्षी..." टोपी हातात पिळत तो म्हणाला, "आपण दोन गाड्या आणायच्या, की एकच?"

"एकच." मी त्याचा हात धरला, सगळ्यांसमोर. "पण क्रोमला हात मी लावणार. तू फक्त कॉफी कर."