चौथी कड

जेवणं आटोपली, गच्चीवर चटया पडल्या, भाच्यांसोबत घरच्या नव्या सूनबाईही येऊन बसल्या. मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. चष्मा काढल्यावर मामा खोटं बोलत नाहीत, असा भाच्यांचा समज होता.

"मागच्या वेळचं भूत शेवटी मांजर निघालं होतं," धाकटा म्हणाला.

"हे मांजर नाही. माझ्या औषधांच्या दुकानासमोर एक शिंपी होता, त्याच्या घरी घडलेलं आहे. ऐकायचं तर ऐका, नाहीतर झोपा."

मंगळवार होता. रात्री साडेनऊला शिंपी तापाचं औषध न्यायला आला. बायको दुसऱ्या बाळंतपणासाठी इस्पितळात. घरी चार वर्षांची लेक एकशे चार तापात, तिच्यापाशी घटकाभर शेजारीण बसलेली. गेल्या वर्षी पोरीला तापात झटके आले होते, तो धसका त्याच्या मनातून गेला नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, कपाळावरची पट्टी सुकू द्यायची नाही. दोन रात्री त्याचा डोळ्याला डोळा नव्हता.

"अरे, कुणाला तरी सोबतीला बोलव," मामा म्हणाले.

"आहे कोण?" तो म्हणाला आणि हसला. रडलेलं बरं दिसत नाही म्हणून माणूस हसतो, तसं.

घरी आल्यावर शेजारणीला परत पाठवून त्याने पांढऱ्या अस्तराची नवी पट्टी टरकन फाडली. एरवी कड दुमडल्याशिवाय साधा हातरुमालही त्याच्या हातून सुटत नसे. दोरे लोंबणारं कापड देणं म्हणजे गिऱ्हाइकाला अर्ध्या ताटावरून उठवणं, असं तो म्हणायचा. त्या रात्री दोरे लोंबत राहिले. पोरीच्या पापण्यांवर येत राहिले.

"बाबा, टोचतं."

"उद्या शिवून देतो हं, राणी."

पट्टी बुडवायची, पिळायची, ठेवायची. बारा वाजले. एक वाजला. ताप हलेना. घड्याळात सव्वादोन झालेले त्याने पाहिले. दोनच मिनिटं म्हणून पलंगाला डोकं टेकलं...

जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. कुणीतरी पट्टी पिळत होतं. भांड्यात थेंब पडत होते. बायको उठलेली दिसते. बरं झालं.

मग आठवलं.

बायको इस्पितळात.

डोळे उघडेनात. हात उचलवेना. थेंब थांबले. पलंग करकरला, कुणी टेकल्यासारखा.

"टोचतं," पोर पुटपुटली.

मग एक बारीक आवाज. कापडातून दोरा ओढल्याचा. जन्मभर ऐकलेला. सर्र... सर्र...

तिला हात लावू नकोस. ओठ हलेनात. मला ने... तिला नको...

सर्र...

थांबलं.

डोळे उघडले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. खोलीत कुणी नाही. दाराला आतून कडी. त्याने पोरीच्या कपाळाला हात लावला. गार. दगडासारखं गार. नाकाशी बोट धरलं. एक क्षण... दुसरा...

श्वास होता. संथ, कोमट.

तासाभराने ती "भूक लागली" म्हणाली, तेव्हा कुठे तो रडला.

मामा थांबले. धाकट्याने मांजराचं नाव काढलं नाही.

"पट्टी अजून ओली होती. तीन कडा दुमडून शिवलेल्या. माझ्याहून बारीक टाके, असं तो शिंपी स्वतः म्हणाला. चौथी कड अर्धीच. सुई तिथेच खोचलेली."

"चौथी त्याने पुरी केली?" नव्या सूनबाईंनी विचारलं. संध्याकाळपासूनचं त्यांचं हे पहिलंच वाक्य.

"हिंमत झाली नाही. सुई कापडात खोचून उठायचं म्हणजे परत येऊन बसायचं, अशी शिंप्यांची रीत. पट्टी त्याने कपाटात ठेवलीय. पोरीला साधी शिंक आली तरी आधी कपाट उघडतो. चौथ्या कडेचे टाके मोजतो. त्या पहाटे सतरा होते."

"आणि आता?" सूनबाईंनी विचारलं.

मामांनी खिशातून चष्मा काढला. पुसला. डोळ्यांवर चढवला.

"तेवढेच," ते म्हणाले.